दोघांत दोन घोडे

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या भागात चोरांपेक्षा ड्रोन जास्त झाले होते. बीड, नगर, जालना, पुण्याचा शिरूर-जुन्नरकडचा पट्टा, कुठल्या ना कुठल्या गावावर रात्री लाल-हिरवे दिवे घिरट्या घालायचे. ते कुणाचे, हे कुणालाच सांगता येईना. म्हणून ते चोरांचेच असणार, यावर सगळ्यांचे एकमत झाले. चोर आधी वरून घर बघून जातात आणि मग खालून येतात, अशी त्यामागची कार्यपद्धतीही लोकांनी चोरांना ठरवून दिली. गावोगाव गस्ती बसल्या. ज्याच्याकडे लाखाचा ड्रोन आहे तो माणूस आमच्या खर्ड्यात शेळी चोरायला कशाला येईल, असे मी पारावर विचारून पाहिले. त्यानंतर गस्तीच्या चहात माझा कप धरणे बंद झाले.

आमच्या चुलत्यांचे थोरले चिरंजीव, म्हणजे अण्णा, या काळात माळवदावर झोपायला गेले. झोपायला हे आपले म्हणायचे. रात्रभर ते आभाळाकडे बॅटरी मारत बसायचे, आणि खालून पाहणाऱ्या शेजाऱ्यांना तो आणखी एक ड्रोन वाटायचा. चार-दोन जागरणे झाल्यावर एका सकाळी त्यांनी चुलीपाशी जाहीर केले, "घरात एक घोडा पाहिजे."

घोडा म्हणजे पिस्तूल. खर्ड्यातच काय, सगळ्या जिल्ह्यात हा शब्द लहान पोरालाही समजतो. वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "एक? तुम्ही रातच्याला मोटर चालू करायला रानात गेल्यावर मी काय परात वाजवू? दोन आणा."

अण्णांचा चेहरा पडला. वहिनी कडाडून विरोध करतील आणि त्या विरोधाला मान देऊन आपल्याला हा बेत सन्मानाने सोडता येईल, असा त्यांचा हिशेब होता. संसारातले बरेचसे शौर्य याच हिशेबावर चाललेले असते. पण बाई दोन म्हणाली, आणि विषय माझ्याकडे आला. माझे अक्षर बरे आहे. त्यामुळे वारसनोंदीपासून रेशनकार्डापर्यंत भावकीचे सगळे अर्ज माझ्याच हातचे.

अण्णांना पहिल्यांदा नाइन एमएमच हवे होते. सिनेमात तेच असते. ते साध्या नागरिकाला मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये येते, लष्कर आणि पोलिसांचे हत्यार आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू हा नियम मीच काल रात्री बसून केला असावा. आपल्याकडे हातात मावणारे, कायद्यात बसणारे हत्यार म्हणजे मुख्यतः पॉइंट ३२ बोअर. ते वर्षानुवर्षे सरकारच्याच कारखान्यांतून येत आले आहे, त्यातही कानपूरहून. दुनियेत नवरा-बायको दुकानात जातात, पन्नास पिस्तुले मांडून ठेवलेली असतात, हिची मूठ बारीक, त्याची जाड, असे हातात घेऊन बघतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हा शनिवार दुपारचा कार्यक्रम असतो म्हणे. आमची निवड मी जुनी वर्तमानपत्रे चाळून सांगितलेल्या तीन नावांतून व्हायची होती.

पहिले 'निर्भीक'. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून ते काढले. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, सहा गोळ्या, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. आणि ते मिळायचे मरून रंगाच्या, दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत. भारतीय बायकांना दागिने आवडतात म्हणून, असे कारखान्याचे अधिकारी त्या वेळी पत्रकारांना सांगत होते. हे वाचून दाखवल्यावर वहिनींचे पीठ मळणे थांबले.

"डबी दागिन्याची, आणि आत दागिना नाहीच?"

"आत रिव्हॉल्व्हर, वहिनी."

"सव्वा लाख म्हणजे त्या साली किती तोळं?"

मी हिशेब केला. त्या वर्षीच्या भावाने चार तोळे तरी आले असते. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण अण्णांकडे पाहून त्यांनी जे 'हं' केले, त्यात लग्नातल्या मोहनमाळेपासून आजवरचा सगळा हिशेब आला. मला तर त्या डबीची वेगळीच भीती वाटते. आमच्याकडच्या चोराने कपाट फोडले तर पहिला हात घालील तो दागिन्यांच्या डबीलाच.

दुसरे 'निडर'. पॉइंट २२ चे, वजन पाव किलो, किंमत पस्तीस हजारांच्या घरात, कारखाना बंगालमधल्या ईशापूरचा. पाव किलो ऐकून अण्णांनी नाक मुरडले. वजनावर घ्यायची वस्तू वजनदार असावी, असा शेतकऱ्याचा साधा न्याय. मग तिसरे, २०२३ मध्ये कानपूरहून आलेले 'प्रबळ'. हे चांगले सातशे ग्रॅमचे, आणि मारा पन्नास मीटरपर्यंत, अशी त्याची जाहिरात झाली होती. अण्णा खूश. मी त्यांना उठवून ओसरीवर नेले. ओसरीपासून फाटकापर्यंत बारा पावले. पन्नास मीटर मोजत गेलो तेव्हा आम्ही तिसऱ्या घरच्या गोठ्यात, व्यायला झालेल्या म्हशीसमोर उभे होतो. मधल्या दोन घरांतली माणसे आम्ही काय मोजतोय ते विचारायला बाहेर आली होती. म्हशीचा धनी अजूनही अण्णांना रामराम घालताना जरा अंतर ठेवतो.

एवढे सगळे झाल्यावर कुणीतरी अण्णांच्या कानात उमर्टीचे नाव घातलेच. चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीतले हे गाव गावठी कट्ट्यांसाठी महाराष्ट्राच्या पोलिसांना तोंडपाठ आहे. ना अर्ज, ना चौकशी, ना डबी. मी अण्णांना एवढेच म्हणालो, की कट्टा सापडला तर आत जावे लागते, आणि तो उडवला तर पुष्कळदा मागच्या बाजूने उडतो. तुम्हाला यांतले कुठले आधी हवे? त्यांनी अर्जाचा कागद पुढे सरकवला.

शस्त्र कायदा १९५९ चा, त्याचे सध्याचे नियम २०१६ चे, आणि अर्जाचा नमुना 'ए-१'. आमच्याकडे परवाना द्यायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना. म्हणजे जामखेडवरून नगर, नगरवरून परत, आणि दिवस संपला. मी आजवर पुष्कळ सरकारी अर्ज भरले, पण माणसाच्या आयुष्याचा इतका बारकाईने विचार करणारा अर्ज पाहिला नाही. हत्यार का हवे? कशापासून धोका? व्यवसाय काय? पूर्वी कधी गुन्हा? हत्यार हाताळायचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला जोडा. डॉक्टरांचा दाखला जोडा, त्यात मन ठिकाणावर असल्याचेही आले.

"ह्यांच्या मनाचं डॉक्टर काय सांगणार?" वहिनी म्हणाल्या. "मला विचारा म्हणावं. तीस वर्षांचा रेकॉर्ड आहे माझ्याकडं."

धोक्याच्या रकान्यात अडले. नियमांत म्हटले आहे की धंद्यामुळे, नोकरीमुळे किंवा अन्य कारणाने जिवाचे वा मालमत्तेचे रक्षण करण्याची खरी गरज असावी. अण्णांची मालमत्ता म्हणजे दोन म्हशी, एक पाणबुडी मोटर आणि तिची केबल. केबल चोरीला जाते हे खरे आहे; आमच्या शिवारातली प्रत्येक केबल एकदा तरी भंगारात जाऊन आलेली आहे. पण केबलसाठी रिव्हॉल्व्हर कुणी देईना, म्हणून अण्णा म्हणाले, "ल्ही, भावकीपासून धोका. बांधाचा वाद."

बांध माझ्या आणि त्यांच्या शेतातला आहे.

मी लिहिले. सुवाच्य अक्षरात, पूर्ण नावगावासह, स्वतःपासून अण्णांच्या जिवाला असलेला धोका मी शासनाच्या निदर्शनास आणून दिला. मागच्या पिढीत या बांधावरून आमच्या वडिलांनी आणि आबांनी, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी, एकमेकांची तोंडे पाहिली नव्हती; आमच्या पिढीत एकाने दुसऱ्याचा अर्ज लिहून दिला. समाज पुढे जातो तो असा. लिहून झाल्यावर अण्णांनी मला चहा पाजला, वहिनींनी वर दोन शेंगदाण्याचे लाडू दिले, आणि मी ते धोकादायक मनुष्याला शोभेल अशा गांभीर्याने खाल्ले.

वहिनींचा अर्ज वेगळा. एकाच्या परवान्यावर दुसऱ्याने बार काढायचा नसतो, आणि आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त हत्यारे बाळगता येत नाहीत. पूर्वी तीन चालायची. "म्हंजे दोघांची मिळून चार," अण्णांनी लगेच बेरीज केली. त्याच दुरुस्तीने लग्नात, वरातीत हवेत बार काढणे हा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंडाचा गुन्हा ठरवला, हे कळल्यावर मात्र त्यांच्या उत्साहाला पहिल्यांदा ओहोटी लागली. पुतण्याच्या लग्नाचा बेत त्यांच्या डोक्यात आधीपासून होता, हे तेव्हा उघड झाले. चोर हे निमित्त होते.

वहिनींच्या अर्जात धोका कुणापासून, असे विचारल्यावर त्यांनी क्षणभरही न थांबता आतल्या खोलीकडे बोट केले. आत अण्णा पिस्तूल धरायचा सराव म्हणून म्हशीच्या इंजेक्शनची सिरिंज घेऊन आरशासमोर उभे होते.

हत्यार आले तर ठेवायचे कुठे, यावर पुढचा आठवडा गेला. हत्यार सुरक्षित, कुलपात ठेवावे लागते. घरात कुलूप लागणारे कपाट एकच, आणि त्याची किल्ली वहिनींच्या कमरेला. म्हणजे चोर आला, तर अण्णांनी आधी वहिनींना उठवायचे. वहिनींनी किल्ली काढायची. कपाट उघडताना जो आवाज होतो तो थेट भूमपर्यंत ऐकू जातो, म्हणून आधी त्याला तेल. मग वरच्या कप्प्यातून रिव्हॉल्व्हर, खालच्या कप्प्यातून गोळ्या, कारण दोन्ही एकत्र ठेवू नयेत असे शहाणे सांगतात. मग अण्णांचा चष्मा. चष्मा कुठे आहे हे फक्त वहिनींना माहीत असते. तोवर चोराने केबल गुंडाळून, म्हशीचे दूध काढून, फाटक नीट लावून जायला हरकत नव्हती.

यापेक्षा कायद्याने शेतकऱ्याला सोपी वाट ठेवली होती, असे मी सुचवून पाहिले. १९५९ च्या कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची खास सोय आहे. नळीतून दारू घाला, चिंधी घाला, छर्रे घाला, गजाने ठासा, मग नेम. आबा म्हणाले, त्यांच्या तरुणपणी एकाकडे होती. ती ठासून होईपर्यंत डुक्कर शेतातून जायचे, आणि उडवली की तो माणूस मागे पडायचा. डुकरांना सवय झाली होती. आवाज झाला की ती थांबून बघायची.

आणि मुख्य प्रश्न तर आबांचाच होता. आबांना रात्री तीनदा उठावे लागते. ते बॅटरी घेत नाहीत, हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि अंधारात भिंत चाचपत चालतात. रात्री-अपरात्री आमच्या वाड्यात वावरणारा, हाकेला ओ न देणारा आणि लपतछपत चालणारा एकमेव मनुष्य म्हणजे या घराचा कर्ता पुरुष. घरसंरक्षणाच्या कुठल्याही योजनेत पहिला बळी कोण, हे सगळ्यांच्या लक्षात आले होते. फक्त आबांना ऐकू गेले नव्हते.

या मुक्कामावर मला खर्ड्याचा माणूस म्हणून बोलावेच लागले. रात्री घाबरून बार काढला की काय होते, याचा हिंदुस्थानातला सर्वांत मोठा प्रयोग आमच्या गावाशेजारी होऊन गेला आहे, आणि त्यात नवरा-बायकोही होते.

११ मार्च १७९५. एका बाजूला पेशव्यांची, म्हणजे नाना फडणवीसांनी जमवलेली फौज: शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, सगळे एकत्र, आणि सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. मराठे सगळे एका बाजूला असण्याचा तो जवळजवळ शेवटचाच प्रसंग. त्यामुळे आम्हा खर्डेकरांना त्याचे जरा जास्तच अप्रूप. दुसऱ्या बाजूला हैदराबादचा निजाम अली खान, त्याच्या पदरी फ्रेंच रेमंडच्या कवायती पलटणी, आणि बरोबर सगळा जनानखाना. हो, लढाईला. माणूस मोहिमेवर निघाला तरी घर बरोबर घेऊन निघाला होता. त्या दिवशी लढाई झाली, पण निकाल लागेल अशी नाही. माणसेही फार पडली नाहीत. खरी लढाई रात्री झाली.

इतिहासकार ग्रँट डफने जे लिहून ठेवले आहे ते असे. रात्री मराठ्यांची एक छोटी टोळी घोड्यांना पाणी शोधत निघाली. हिंडत हिंडत एका ओढ्यावर आली. तिथे निजामाची काही माणसे होती. त्यांनी अंधारात हालचाल पाहिली आणि बार काढला. तो आवाज ऐकून रेमंडच्या पहाऱ्यावरच्या शिपायांनी बार काढले. ते ऐकून झोपेतून उठलेल्या अख्ख्या पलटणींनी, समोर कोण आहे हे न पाहता, एकदम फैरी झाडल्या. आणि ते ऐकून खुद्द निजाम अली खान, दख्खनचा सुभेदार, खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. सकाळी मराठे पुढे गेले तो तोफा, सामान, रसद सगळे माळावर टाकून फौज निघून गेलेली. पाणी शोधणाऱ्या चार घोडेस्वारांनी दख्खनची लढाई जिंकली होती, आणि त्यांना बहुधा पाणीही मिळाले नसेल.

या गोष्टीत जनानखान्याचा भाग मोठा आहे. आवाजाने जनानखाना हादरला. निजामाची थोरली, वजनदार बेगम म्हणजे बक्षी बेगम. तिने धमकी दिली म्हणतात, की आम्हाला आत्ताच्या आत्ता किल्ल्यात नेले नाही तर मी पडदा टाकून सगळ्या लोकांसमोर बाहेर येईन. निजाम शत्रूच्या तोफांपुढे दिवसभर टिकला होता. या धमकीपुढे तो घटकाभरही टिकला नाही. वहिनींना हा प्रसंग फार आवडला. त्यांनी तो मला परत सांगायला लावला, आणि सांगताना त्या अण्णांकडे बघत होत्या.

"पण बायकांना बंदुकी चालवता येत न्हवत्या म्हणूनच ना?" अण्णा म्हणाले.

येत होत्या. निजामाकडे बायकांची पलटण होती, जफर पलटण. जनानखान्याचा पहारा हे त्यांचे काम, बंदुका खांद्याला, कवायत शिकलेल्या. त्या खर्ड्यालाही आल्या होत्या आणि लढल्याही. बाकीच्या फौजेपेक्षा काही वाईट लढल्या नाहीत, असे हैदराबादेतल्या इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. बाकीची फौज कशी लढली हे लक्षात घेता ही स्तुती जपूनच घ्यावी लागते. पण वहिनींना तेवढेही पुष्कळ झाले. आपल्या गावच्या माळावर सव्वादोनशे वर्षांपूर्वी बायका बंदुका घेऊन उभ्या होत्या आणि आपण कपाटाची किल्ली घेऊन बसलो आहोत, हे त्यांना लागले असावे.

किल्ला तुम्ही पाहिला असेल. निंबाळकरांनी बांधलेला भुईकोट आहे, चांगला भक्कम. अलीकडे २०२१ च्या दसऱ्याला त्याच्यापाशी ७४ मीटर उंच भगवा ध्वज उभा राहिल्यापासून लांबूनही ओळखू येतो. पण निजामाच्या अख्ख्या लवाजम्याला पुरेल एवढे पाणी त्यात कुठले? भोवती टेकड्या, टेकड्यांवर मराठ्यांच्या तोफा. आत पाण्याचे हाल झाले, आणि मग तह: दौलताबाद, मुलूख, तीन कोटींच्या घरातली रक्कम, आणि पुण्यावर चालून जायच्या गप्पा मारणारा आपला दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या ताब्यात. घराचे रक्षण करायला निघालेला माणूस घर आणि घराचा कारभारी दोन्ही देऊन परत गेला.

"म्हंजे आधी बार कुणी काढला, तेच कळलं न्हाई," अण्णा म्हणाले.

"कळलं की," वहिनी म्हणाल्या. "ज्याच्या हातात बंदूक व्हती त्यानं."

अण्णा हार मानणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी कायद्याची बाजू काढली. स्वतःच्या घरात घुसलेल्याला गोळी घालायचा हक्क आहे की नाही? आहे. त्याच पावसाळ्यात, १ जुलै २०२४ ला, दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, आणि स्वसंरक्षणाची ९६ ते १०६ ही कलमे ३४ ते ४४ झाली. त्यांत घरफोडी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झाली तर हा हक्क प्रसंगी घरफोड्याचा जीव घेण्यापर्यंत जातो. अण्णांनी ताबडतोब भिंतीवरचे कालनिर्णय काढून सूर्यास्ताची वेळ पाहिली. पण पुढे कलम ३७ आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे दाद मागायला सवड असेल तर हा हक्कच नाही. म्हणजे चोर कपाटाच्या आवाजाने पळत सुटला की त्याच्या पाठीत गोळी घालणाऱ्या अण्णांना कोर्टात पळणाऱ्याची पाठ समजावून सांगावी लागणार. वकिलांची फी वहिनींनी पुन्हा तोळ्यात करून मागितली.

राहता राहिली निवडणूक. आचारसंहिता लागली की छाननी समिती ज्यांची नावे काढेल त्यांनी आपली हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करायची. २०२४ मध्ये लोकसभेला मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आचारसंहिता होती आणि विधानसभेला पुन्हा ऑक्टोबरच्या मध्यापासून. शिवाय ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती, ज्यांत आमच्याकडे खरी डोकी फुटतात. पोलिसांच्या ताब्यात जास्त आणि अण्णांच्या ताब्यात कमी असे ते हत्यार राहिले असते. पुढच्या वर्षी तर शेजारच्या बीडमध्ये परवान्यांची झाडाझडती झाली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. आमची शीव बीडला लागून आहे. एक परवानाधारक पाहुणे त्या काळात खर्ड्याला येऊन गेले. जाताना म्हणाले, "घोडा होता तेव्हा चोराची भीती न्हवती, घोड्याची व्हती. आता दोन्ही न्हाई, झोप लागती."

याच कायद्याच्या व्याख्येत मला एक फार समंजस वाक्य सापडले. शस्त्र म्हणजे काय हे सांगताना कायदा धारदार हत्यारे मोजतो आणि मग थांबून म्हणतो, की केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तू, जसे की लाठी किंवा साधी हातकाठी, यांत धरायच्या नाहीत. संसदेने खर्डा पाहून लिहिले असावे. त्या न्यायाने विळा, खुरपे, कुऱ्हाड, पहार, उखळातले मुसळ, सगळे घरगुती. फक्त हेतूही घरगुती ठेवायचा. आमच्याकडच्या कुठल्याही ओसरीवर एक नजर टाकली तर एखाद्या छोट्या संस्थानाची शस्त्रशाळा बिनपरवाना लावून ठेवलेली असते.

वहिनींनी मात्र यांतले काही घेतले नाही. त्यांनी माळ्यावरून आपली गोफण काढली. शाळूच्या दिवसांत माचाणावर उभे राहून त्यांनी तिच्या जोरावर शेकडो पाखरे उठवली आहेत. वजन तोळाभर, बोअर अमर्याद, गोळ्या नांगरटीत पडलेल्या, नूतनीकरण वाखाच्या दोरीने. अण्णा हसले. वहिनींनी एक खडा लावला, गोफण डोक्यावर दोनदा फिरवली आणि सोडली. पन्नास मीटरवरच्या गोठ्याच्या पत्र्यावर असा काही आवाज झाला, की ती म्हैस त्या दिवशी व्यालीच. धनी बाहेर आला, आमच्याकडे बघितले आणि आत गेला. गोफणीचा पल्ला 'प्रबळ'च्या जाहिरातीपेक्षा कमी नाही, हे त्यामुळे सिद्ध झाले.

शिवाय आमच्या भागातल्या पुष्कळ गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका नंबरवर फोन करून बोलायचे. तेच बोलणे त्याच क्षणी गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनांवर वाजते. चोर आला, बिबट्या आला, आग लागली, एकाच वेळी सगळे गाव उठते. वहिनींना ही कल्पना पहिल्यांदा समजली तेव्हा त्या काही वेळ गप्पच झाल्या. घरात तीस वर्षे बोलून ज्याचा उपयोग झाला नाही, ते एका वेळी दीड हजार लोकांना ऐकवता येते, हा विचार तेव्हा त्यांच्या मनात आला नसेल असे नाही. तेव्हापासून अण्णांचे वागणे पुष्कळ सुधारले आहे. कुठल्या रिव्हॉल्व्हरने एवढे साधले असते?

अर्ज दोन्ही माझ्याकडेच पडून आहेत. ड्रोन पुढे आपोआप कमी झाले. ते नेमके कुणाचे, हे आमच्या पारावर तरी अजून ठरलेले नाही. पण अण्णांनी माळवद सोडले नाही, कारण तिथे वारा चांगला लागतो.

मागच्या उन्हाळ्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची होती. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा मिळते आणि काही दिवस रात्री. दिवसा सगळी मिळणार, हे आम्ही सरकारपेक्षा जास्त वेळा बोलतो. रात्री दोनला लाइट आली की खर्ड्याच्या सगळ्या शिवारात बॅटऱ्या हलू लागतात. त्या चोरांच्या नसतात. त्या वेळी अंधारात चालणारा प्रत्येक माणूस पाण्यासाठीच निघालेला असतो, जसा १७९५ ला निघाला होता.

मी बांधावरून चाललो होतो. कुत्री उठली. माळवदावरून बॅटरीचा झोत थेट डोळ्यांत आला, आणि अण्णांचा आवाज: "कोण हाय रं तिकडं? थांब, न्हाईतर घालीन!" काय घालणार, हे त्यांनाही माहीत नव्हते. त्यांच्या मागे, झोताच्या कडेला, डोक्यावर गोफण फिरायला लागलेली मला दिसली, आणि मी पुराव्यासकट सापडलेल्या आरोपीसारखे दोन्ही हात वर केले.

"मी हाय वहिनी! मोटर चालू करायला चाललोय!"

गोफण थांबली. माळवदावर थोडी कुजबुज झाली. मग वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, चाललाच हाईत तर आमचाबी व्हॉल्व्ह फिरवा. आणि त्या अर्जात धोका म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी नाव घाला, तुमच्यानं न्हाई जमायचं."